नमुना घेण्याआधीचा अर्धा तास

बिबवेवाडीतल्या त्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि तशी पाटीही लावलेली होती : 'लिफ्ट बंद आहे. कधी सुरू होईल हे विचारू नये.' परवीन मुलाणीने पाटी वाचली, थंड पेटीचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला थांबावंच लागलं. एक माणूस दोन्ही हातांत वीस-वीस किलोची लोखंडी वजनं घेऊन पायरीच्या मधोमध उभा होता आणि धापा टाकत होता.

"अहो, जरा बाजूला होता का?"

"झालो असतो," तो मान न वळवता म्हणाला, "पण ही एकदा खाली ठेवली की आज परत उचलली जाणार नाहीत. तुम्ही दोन मिनिटं थांबा, नाहीतर एक वजन घ्या."

"मी लॅबमधून आलेय. मला साडेआठच्या आत रक्त घ्यायचंय."

"माझं?"

"तुमचं कशाला? पाचव्या मजल्यावर नसीमबानू म्हणून आहेत, त्यांचं."

आता त्याने मान वळवली. घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तो वर सारायला हात मोकळा नव्हता. "मग सावकाश या," तो म्हणाला. "मी नसीमबानूचा भाऊ. दार मलाच उघडायचंय."

या मकसूद तांबोळीचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. मार्केट यार्डातले आडते, बिबवेवाडीतले किराणावाले, सगळ्यांचे काटे त्याच्याकडे. काटा खरा आहे की नाही ते खात्रीची वजनं ठेवूनच कळतं, आणि ती वजनं रात्री स्कूटरवर ठेवली की सकाळी सापडतीलच असं नाही. म्हणून हा रोज ती वर नेणार आणि सकाळी खाली आणणार. आज खाली आणल्यावर त्याला आठवलं होतं की रविवार आहे.

परवीन एकोणतीस वर्षांची. धायरीहून रोज सहाला स्कूटरवर निघायची आणि घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. हात हलका, बोलणं मोजकं. ज्या म्हाताऱ्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, त्या तिच्यापुढे निमूट बाही वर करत.

नसीमबानू छत्तीस वर्षांची होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बार्शीला तिच्या सासरी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की दोष तिचाच, आणि 'उपचार करून ये' म्हणून तिला माहेरी पाठवलं होतं. परवीन आत गेली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आई, मदिनाबी, स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. सकाळीच बार्शीहून फोन येऊन गेला असावा.

परवीनने अर्ज काढला. "पाळीचा दिवस कितवा?"

"तिसरा."

"किती वाजता उठलात? केसांच्या वाढीसाठी काही गोळ्या घेता का? त्यांनी आकडे चुकतात."

नसीमबानू हळू आवाजात उत्तरं देत होती. मकसूद खिडकीतून बाहेर अशा काही गंभीरपणे बघत होता की समोरच्या गच्चीवर जणू निवडणूक चालली होती. परवीनने दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त भरायला लागलं. नेमकं त्याच क्षणी मकसूदने वळून बघितलं आणि तो मटकन आपल्या वजनांवर बसला. चाळीस किलो पाच मजले नेणाऱ्या माणसाला एवढंसं रक्त पेललं नाही.

"डोकं गुडघ्यांत घाला," परवीन म्हणाली. "दोघांचं एकदम बघता येणार नाही मला."

रिपोर्ट आला. बाकीचं जवळपास ठीक होतं. थायरॉइड थोडासा इकडे-तिकडे होता, पण प्रोलॅक्टिन नावाचा हार्मोन दुप्पट दाखवत होता. डॉक्टर बाई जाणत्या होत्या. त्यांनी लगेच औषध दिलं नाही. माणूस रडला, चिडला, धावपळ करून बसला, तरी हा आकडा वर जातो, तेव्हा अर्धा तास शांत पडून राहून मग परत रक्त द्या, असं त्यांनी लिहून दिलं. परवीनने ते वाचलं आणि तिला स्वतःचाच राग आला. लाल डोळे तिने पाहिले होते. तेव्हाच थांबायला हवं होतं, निदान चिठ्ठीवर तरी लिहायला हवं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला तिने ते घर मागून घेतलं. कारण एवढंच होतं, असं ती स्वतःला सांगत होती.

दुसऱ्या खेपेला तिने नसीमबानूला आतल्या खोलीत पडायला लावलं, पंखा लावला आणि मोबाइल काढून घेतला. "उठायचं नाही, बोलायचं नाही, विचार करायचा नाही."

"विचार कसा नाही करायचा, बाई?"

"पंख्याकडे बघा, आपा."

मदिनाबी लेकीच्या उशाशी तसबीहचे मणी ओढत बसली. परवीन बाहेरच्या खोलीत आली. मकसूद टेबलावर एक काटा उघडून बसला होता. त्याने काही न विचारता दोन कप चहा केला आणि साखर कमी घातली. ती कमी गोड पिते हे त्याला कसं कळलं, हे तिने विचारलं नाही.

"तुमच्या मशीनला पासिंग कोण करतं?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझा काटा चुकला तर आडत्या माझ्या नावाने शंख करतो. तुमचं मशीन चुकलं तर ओरडणार कोण?"

"रोज सकाळी आधी एक ठरलेला नमुना लावतात, ज्याचा आकडा आधीच माहीत असतो. तो बरोबर आला तरच पुढचे."

"म्हणजे वजन ठेवून बघता."

"तसंच."

"मग विश्वास ठेवायला हरकत नाही."

"तुम्ही ठेवला नाहीत तरी रिपोर्ट यायचा तोच येईल."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा परत घसरला आणि या वेळी त्याने तो बोटाने वर सारला. बोटाला तेल होतं, ते काचेला लागलं. परवीनने पेटीतला स्पिरिटचा बोळा काढून पुढे केला... आणि मग तिचं तिलाच वाटलं, एवढी काय लगबग.

"आणि नॉर्मल म्हणजे काय हो?" काच पुसत तो म्हणाला. "रिपोर्टात शेजारी दोन आकडे असतात ते."

"बहुतेक बायकांचा आकडा ज्या दोघांच्या मध्ये येतो, ते."

"आणि ज्यांचा येत नाही?"

"त्यांनी डॉक्टरांना भेटायचं."

"ते झालं. पण त्यांना... कसं वाटत असेल?"

परवीनने चहा संपवला. "अर्धा तास झाला," ती म्हणाली आणि उठली. खरं तर पंचवीसच मिनिटं झाली होती, पण दाराशी जाऊन ती उरलेली पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली.

या वेळचा आकडा नीट आला. प्रोलॅक्टिनचं काही नव्हतंच, बार्शीच्या फोनचं होतं. उरला थायरॉइड, त्यावर एक छोटी गोळी. आणि पुढच्या महिन्यात पाळीच्या एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन बघायचं, म्हणजे बीज वेळेवर सुटतंय का ते कळेल.

एकविसाव्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता. परवीन ओल्या रेनकोटसकट दारात उभी राहिली, तेव्हा मकसूदने वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं, शेजारी टॉवेल होता आणि चहाचं आधणही चढलेलं होतं.

"आज पण अर्धा तास पडायचं असेल ना आपाने?" त्याने अगदी सहज विचारलं.

प्रोजेस्टेरॉनसाठी पडून राहावं लागत नाही, हे परवीनला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. "पडा आपा," ती म्हणाली.

नसीमबानू तिच्याकडे बघून हसली आणि मुकाट्याने आत जाऊन पडली. आठ वर्षांच्या नोकरीत परवीन कामात खोटं बोलली ती ही पहिली वेळ. आणि वाईट म्हणजे तिला जराही वाईट वाटलं नाही.

त्या अर्ध्या तासात ती दोघं खिडकीशी उभी राहून भरपूर बोलली. धायरीला पूर्वी शेतं होती तिथे आता पार्किंग कसं झालंय, हे तिने सांगितलं. काटा मारणाऱ्या दुकानदाराचा चेहरा दुरून कसा ओळखावा, हे त्याने सांगितलं. रक्त घेताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"झालं का?"

"झालं. वळा."

तो वळला. भरलेली नळी तिच्या हातातच होती. तो पुन्हा खाली बसला. "मॅडम, हे बरं नाही," डोकं गुडघ्यांत घालून तो म्हणाला, आणि परवीन जिना उतरेपर्यंत हसत होती.

पण स्कूटरला किल्ली लावताना तिचं हसू गेलं. तीन वर्षांपूर्वी तिची मंगनी झाली होती. त्या सुमारास तिची पाळी आधी लांबली आणि मग बंद झाली. तिने आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच हाताने नळीवर नाव चिकटवून, तपासणी करून घेतली होती. आकडा आला तो तिने स्वतः मुलाकडच्यांना जाऊन सांगितला. चौथ्या दिवशी मध्यस्थ आला, बसलाही नाही, उभ्या उभ्या बोलून गेला. तेव्हापासून तिने ठरवलं होतं की कुणी आवडलंच तर आधी रिपोर्ट सांगायचा. आणि त्यातला सोपा उपाय असा की कुणी आवडूच द्यायचं नाही. हा दुसरा उपाय आता हातचा गेला होता.

नंतर दोन महिने त्या घरचं बोलावणं आलं नाही. नसीमबानूचा रिपोर्ट चांगला होता. डॉक्टरांनी आता नवऱ्याची तपासणी लिहून दिली होती, आणि ती नवऱ्याने, कादरने, साफ नाकारली होती. परवीन मात्र रोज सकाळी यादीत बिबवेवाडी शोधायची. लॅबच्या टेबलावर बसणाऱ्या पद्मजाच्या ते लक्षात आलं होतं. "तुला एवढी आवडते तर तिथेच भाड्याने जागा बघ की," ती म्हणायची.

मग एका सोमवारी पद्मजाने यादी पुढे सरकवली. "ही बाई बघ. नाव जरा वेगळं आहे."

यादीत होतं : मकसूद तांबोळी. स्त्री. वय तेहेतीस. तपासणी : स्त्रियांचे हार्मोन, संपूर्ण.

परवीन पाच मजले चढली. दार उघडंच होतं. मदिनाबी भाजीला गेली होती, आतून नसीमबानूच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. मकसूद इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसला होता. परवीनने समोर बसून अर्ज काढला, पेन काढलं.

"नाव?"

"तुम्हाला माहीत आहे."

"विचारावं लागतं. नियम आहे."

"मकसूद तांबोळी."

"शेवटची पाळी कधी आली?"

मकसूदचे कान लाल झाले. "काय?"

"तारीख सांगा. हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तपासायचं असतं. दिवस चुकला की नमुना वाया जातो."

"अहो, ते ॲपवर... 'मागचंच पुन्हा' असं बटण होतं. मी नुसतं नाव बदललं."

"आणि वय."

"हो. वयाचं तेवढं सुचलं."

"केसांच्या गोळ्या घेता?"

"परवीन," तो म्हणाला. आजवर तो मॅडम म्हणायचा. "तुम्ही यावं म्हणून केलं ते."

"फोन करायचा."

"फोनवर तुम्ही 'लॅबला विचारा' म्हणाला असतात."

"म्हणाले असते," तिने कबूल केलं. "मग, सुई टोचून घेणार होतात?"

"म्हणून तर आधीच बसून राहिलोय." मग त्याने चष्मा काढून हातात घेतला. "मला नीट बोलता येत नाही, पण ऐका. आपाचं रक्त तपासायचं म्हणून मला वाईट वाटायचं, आणि ते तपासायला तुम्ही येणार म्हणून आनंद व्हायचा. एकाच दिवशी दोन्ही. हे काही बरोबर नाही, असं वाटून मी गप्प बसलो होतो. आता आपा ठीक आहे. तर मी अम्मीला धायरीला, तुमच्या अब्बांकडे पाठवू का?"

परवीनला आनंद झाला, आणि इतका झाला की तिला त्याची भीती वाटली. तिने पेन खाली ठेवलं. मोबाइलवर एक जुना रिपोर्ट उघडला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

"आधी हे वाचा. माझा आहे."

त्याने चष्मा लावला. ज्याचं आयुष्य काट्यावर गेलं त्याला आकडा वाचायला वेळ लागत नाही. "एफएसएच अठ्ठावन्न. शेजारी तीन ते दहा लिहिलंय."

"हो."

"परत केलं होतं?"

"महिन्याने. एकसष्ट."

"मशीन..."

"मशीन बरोबर होतं. ठरलेला नमुना लावला तेव्हा मी शेजारी उभी होते."

त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. "साध्या भाषेत सांगा."

"बायकांचं जे पन्नाशीच्या आसपास थांबतं, ते माझं सव्विसाव्या वर्षी थांबलं. मूल होण्याची शक्यता शंभरात चार-पाच, तीही धरून चालू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून मला पन्नाशीपर्यंत रोज गोळी घ्यावी लागेल. एवढंच." हे सगळं ती रुग्णांना सांगावं तसं सांगू शकली.

आतलं शिलाई मशीन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"मला मुलं आवडतात," मकसूद म्हणाला. "खोटं नाही बोलणार."

"बोलू नका."

"थोडे दिवस द्या मला."

"घ्या." तिने अर्जावर लिहिलं : 'नमुना घेतला नाही. रुग्ण स्त्री नाही.' पेटी उचलली आणि ती निघाली. जिना उतरताना ती रडली नाही, स्कूटरवर बसल्यावर रडली. पुण्यात डोळ्यांपर्यंत रुमाल गुंडाळलेली मुलगी सिग्नलला रडत असली तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

घरी वडील, दादामियाँ, ओट्यावर बसले होते. "डोळं लाल हाय तुझं," ते म्हणाले.

"धूळ हाय, अब्बा. रस्ता खणलाय."

रस्ता खरंच खणलेला होता, तरी त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. परवीनने मनातल्या मनात मध्यस्थाला उभ्या उभ्या बोलून जाताना पुन्हा पाहिलं. या वेळी मध्यस्थ नव्हता, एवढाच फरक. तिला मकसूदचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी सकाळी अकराला ती फेरी संपवून लॅबवर आली, तर तो बाहेर उभा होता. पद्मजाने त्याला आत बसू दिलं नव्हतं. 'नमुना द्यायचा नसेल तर बाहेर थांबा' असं सांगून तिने दार लावून घेतलं होतं, आणि काचेतून बघत मात्र होती.

परवीनने पेटी आत दिली आणि बाहेर आली.

"मला वाईट वाटलं," मकसूद म्हणाला. त्याने प्रस्तावना केली नाही. "दोन दिवस कामावर गेलो नाही. हे तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर पुढे कधीतरी माझ्या तोंडावर दिसलं असतं."

"बरं," परवीन म्हणाली. तिने मनाची तयारी केली होती.

"तिसऱ्या दिवशी वाटलं, हे कुणाजवळ तरी बोलावं. अम्मी डोळ्यांपुढे आली, आपा आली. पण सांगायचं होतं ते... तुम्हालाच. म्हणजे ज्याचं वाईट वाटतंय ते तुमच्याजवळ बसून वाटून घ्यायचं होतं. दुसरं कुणी चालेना. मग माझं मलाच कळलं. कळतंय का, काय म्हणतोय ते?"

परवीनला कळलं. तीन वर्षांत लोकांनी तिची कीव केली होती, तिला धीर दिला होता, कुठल्या कुठल्या बाबांचे पत्ते दिले होते. तिच्याबरोबर बसून वाईट वाटून घ्यायला कुणी आलं नव्हतं.

"मग आठ दिवस कशाला लागले?"

"अम्मीला सांगायला. सगळं सांगितलं, आकड्यासकट. ती दोन दिवस बोलली नाही. काल म्हणाली, नसीमला सासरी जे ऐकवलं ते या घरात कुणी बोललं, तर त्याला मी ताटावरून उठवीन. आणि विचारत होती, ती पोरगी गोळी रोज घेते का म्हणून."

"घेते."

"काल घेतली?"

"काल... विसरले."

"का?"

"तुमच्यामुळे," परवीन म्हणाली. "आणि परवाही."

तिचे डोळे भरून आले होते. लॅबच्या पायरीवर ऊन होतं. ती तिथेच बसली आणि तोही तिच्याशेजारी बसला. मध्ये त्याने बऱ्यापैकी अंतर ठेवलं, काचेमागे पद्मजा होती.

"मी एका मुलीचं नाव ठरवून ठेवलं होतं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "पूर्वीच. उगाच."

"काय?"

"हाजरा. माझ्या नानीचं."

"छान आहे," परवीन म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, आजवर कुणाला न सांगितलेलं तिने सांगितलं. "मी मुलाचं ठरवलं होतं. यासीन."

"यासीन," तो म्हणाला, नीट उच्चार करून. रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"रविवारी अब्बा घरी असतात," शेवटी परवीन म्हणाली. "अम्मीला घेऊन अकराला या."